माझ्या पोटातलं बिरूचं वाडगं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पण पेटी म्हटल्यावर लगेच भजनातली पेटी डोळ्यांपुढं आणू नका, आणि ज्वारी साठवायची तर मुळीच नव्हे. मी व्हिडिओ गेमची पेटी. हसलात ना? हसा. ताडकळसच्या बाजारपेठेत एका चहाच्या हॉटेलात कोपऱ्यात उभी आहे, डोक्यावर कपबशा रचल्या आहेत, पोटात उंदरीणबाई दोनदा बाळंत झाल्या आहेत. असल्या अवतारात मी कोण होते ते सांगायला लागले तर ऐकणारा हसणारच. पण मला आज सांगायचंच आहे. कारण माझ्याकडं एक निरोप आहे, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म याच जागेतला. तेव्हा इथं बन्सीधरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बन्सीधर माणूस हिकमती. हातात पकड असली की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. एक्क्याण्णव साली तो हैदराबादेहून एक हिरवं कार्ड घेऊन आला, वहीच्या पानाएवढं, वर डाळीच्या दाण्यांसारखं काय काय चिकटवलेलं. तेच माझं काळीज. अंग म्हणाल तर एका मोडक्या कपाटाच्या फळ्या, तोंड म्हणाल तर जुना काळा-पांढरा टीव्ही. दांडीच्या टोकाला शिवणयंत्राचं लाकडी रीळ बसवलं आणि दाबायला दारावरच्या घंटीची दोन बटणं. पाठीला त्यानं तापल्या सळईनं चाळीस भोकं पाडली. प्रत्येक भोक पाडताना म्हणायचा, "हे तुझं नाक. हितनं दम घ्यायचा." मला तेव्हा ते फार लाडाचं वाटायचं.

आता माझ्या खेळाविषयी. तुम्हाला वाटेल, शूर राजपुत्र असेल, राक्षसाला मारत असेल. तसं नव्हतं, तिथंच तर गंमत होती! माझ्या खेळात खेळणाराच राक्षसांचा राजा. जमिनीखाली त्यानं तळघर खणायचं, खोल्या काढायच्या, शिंगं असलेले छोटे राक्षस पाळायचे, त्यांना वेळेवर खायला घालायचं. वरून चिलखत घातलेले शूर शिपाई सिंहासन न्यायला येणार. त्यांना सापळ्यात पाडायचं, कोठडीत कोंडायचं. शिपाई सिंहासनापर्यंत पोचला की डाव संपला. माझ्या पोटात तीन डाव एकाच वेळी मांडून ठेवता येत. एक खटका होता, तो दाबला की डाव जिथल्या तिथं थांबे. पण माझी जन्मखोड एक. वीज गेली की मला काहीही आठवत नसे. म्हणून बन्सीधरनं मला एक ट्रॅक्टरची बॅटरी जोडून दिली होती. माझ्या कपाळावरचा लाल दिवा जळतो आहे तोवर माझी आठवण शाबूत.

पहिल्याच बाजाराला अख्खं गाव लोटलं. समोर भाजी विकणारी सरजाबाई चप्पल बाहेर काढून आत आली आणि तिनं विचारलं, "ह्यात देव कोन्ता?"

"देव न्हाई सरजाबाई. आपुन राक्षस," बन्सीधर म्हणाला.

"अगं माय! आन् त्या चांगल्या शिपायाच्या बाजूनं खेळायचं बटन?"

"ते न्हाई."

"मग कसली रे बाबा तुझी पेटी!" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. पुढच्या बाजाराला गपचूप आली, पहिला शिपाई खड्ड्यात पाडला आणि "पडला, पडला मुडदा!" म्हणून अशी ओरडली की समोर तिच्या पालकात शेळीनं तोंड घातलं तरी कळलं नाही. मग स्वतःच्याच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. पुन्हा खेळली ते वेगळं.

किशनरावांची तऱ्हाच न्यारी. गावातले मोठे शेतकरी, घरी ट्रॅक्टर. खुर्ची मागवून बसले आणि सिंहासनाभोवती खोल्याच खोल्या खणत सुटले. राक्षसांना खायला घालायचं बटण काही त्यांनी दाबलं नाही. थोड्या वेळानं सगळे राक्षस ओळीनं उठले आणि चालू लागले.

"बन्सी, पेटी खराब हाय तुझी. माझे मानसं मलाच सोडून चाललेत!"

"मालक, त्यांना चारा-पानी करावं लागतंय."

"राक्षसाला चारा? राक्षस हायेत तर ऱ्हावा की उपाशी!"

मागं उभे असलेले त्यांचेच सालगडी उपरण्यात तोंड खुपसून हसले. मीही हसले असते.

कॉलेजात जाणारी दोन पोरं होती. एक गावातला, एक बौद्धवाड्यातला. दांडी एकाच्या हातात, बटणं दुसऱ्याच्या, असे जोडीनं खेळायचे आणि कुणाला हार जात नव्हते. ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची. आमच्याकडं माणसं एकमेकांकडं बघायची बदलली होती. पुढं एक जण सकाळी यायला लागला आणि दुसरा दुपारी. एकेकटे खेळले की दोघंही हरायचे. मला दोघांनाही एकमेकांचा डाव दाखवावासा वाटे, पण माझ्या हातात काय? जो पुढं बसेल त्याचं मी दाखवणार.

आणि मग बिरू.

बिरू मेंढपाळाचा. बाप लहानपणीच गेलेला, घरात तो आणि त्याची आई केवळाबाई. गावाबाहेरच्या माळावर त्यांचं वाडगं, म्हणजे काट्यांचं कुंपण केलेली मेंढरांची जागा. बिरूला विसावं लागलेलं, डाव्या भुवईत एडक्यानं शिंग मारल्याची खूण. बोलायला मुखदुर्बळ. घोळक्यात मागं उभा राहून दोन महिने नुसता बघत होता. लोक विचारायचे, "काय रे, मेंढरं सोडून हितं काय करायलास?" तो मान खाली घालायचा.

एक दिवस बसला. आणि मित्रांनो, सांगते, असा खेळणारा मला पुन्हा भेटला नाही. सगळे आधी सापळे खणायचे, हा आधी राक्षसांची खायची जागा करायचा. नवा राक्षस आला की त्याला घोळक्यात न सोडता दोन दिवस वेगळा ठेवायचा. सिंहासन मात्र त्यानं थेट दाराच्या तोंडाशी मांडलं. बन्सीधर कपाळावर हात मारून म्हणाला, "येड्या, शिपाई आला की पैल्या झटक्यात बसंल की त्यावर!"

"तितंच असतंय ते," बिरू एवढंच बोलला.

आणि तो हरला नाही. दसऱ्यापासून त्याचा एकच डाव चालू राहिला. माझ्या पोटातलं तिसरं घर बिरूचं, हे सगळ्या गावाला ठाऊक झालं. त्याची माय माळावरून हाका मारायची आणि पोरं येऊन सांगायची, "बिऱ्या, तुझी माय बोंबलायली." तो म्हणायचा, "हा एवढा राक्षस खाऊ दे, आलो." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, तेव्हाच माझी वीज जायला हवी होती.

कार्तिकातली गोष्ट. त्या साली पाऊस लवकर गेला होता आणि रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकायला लागली होती. असली ताण बसलेली कोवळी ज्वारी मेंढराला विष. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. बिरूला कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यानं कळप बांधाच्या अलीकडं बसवला, कुत्र्याला राखण सांगितली आणि "एकच डाव" म्हणून माझ्याकडं आला. त्याच वेळी पलीकडून कुणाचा तरी ट्रॅक्टर फटफटत गेला. मेंढरं बुजली आणि थेट किशनरावांच्या ज्वारीत शिरली.

नऊ मेंढरं गेली. त्यांत गळ्यात घुंगरू असलेला पुढचा एडका. पोट फुगून, पाय झाडत, तासाभरात.

केवळाबाई दुकानात आली तेव्हा तिच्या हातात ते घुंगरू होतं. बारीक अंगाची बाई, पण माणसं आपसूक बाजूला झाली. मागून किशनराव ज्वारीच्या नावानं ओरडत आले होते, तेही दारातच थांबले. तिनं बिरूला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं! ती माझ्याकडं बोट करून म्हणाली,

"ही माय वाटायली ना तुला? मग हिच्यातच ऱ्हा. ह्या पेटीतच ऱ्हा. आमच्या वाडग्याकडं तोंड वळवू नगंस."

बिरू उठला. इतकं झालं तरी त्यानं आधी खटका दाबून डाव थांबवला, मग चप्पल घातली. पेठेत पाथरीची गाडी उभी होती. कुणी म्हणतं त्या गाडीत बसला, कुणी म्हणतं ट्रकात. तो गेला एवढं खरं. माझ्या तोंडावर त्याचा डाव तसाच थिजून राहिला. तो गेला ते माझ्यामुळं, आणि जाऊ नको म्हणायला मला जीभ नव्हती.

तीन बाजार गेले. चौथ्या बाजाराला केवळाबाई आली. दारातच उभी राहून तिनं बन्सीधरला विचारलं, "आत हाय का रे तो?"

बाकावरची चार माणसं फिदीफिदी हसली. बन्सीधर हसला नाही. म्हणाला, "या मावशी. दावतो." आणि त्यानं माझ्यातलं तिसरं घर उघडलं.

तिला वाचता येत नव्हतं. टीव्हीही तिनं कधी जवळून बघितला नसावा. ती डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिनं बोट टेकवलं.

"हे तर आमचं वाडगं हाय."

"आँ?"

"हे तोंड बघ. हितं काट्याची फांदी लावायची. ही कुत्र्याची जागा. हितं कोकरं येगळी. ही चूल... अरे, चुलीची जागा बी सोडलीय लेकरानं!" तिचं बोट पुढं सरकत दाराच्या तोंडाशी आलं, सिंहासनावर. "आन् हे काय?"

बन्सीधर खाली बघत म्हणाला, "मावशी, ती राजाची जागा. राक्षसांच्या राजाची."

"तितं मी निजते," केवळाबाई म्हणाली. "वाडग्याच्या तोंडाशी. लांडगा येऊ नये म्हनून." आणि मग ती हसली. "मला राक्षस केलंय म्हना की गाबड्यानं!" हसता हसताच तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. बाकावरची माणसं उठून बाहेर गेली.

तेव्हापासून ती दर बाजाराला यायला लागली. बन्सीधरनं तिला समजावलं की डाव नुसता थांबवून ठेवला तर चालतो, खेळायची गरज नाही. तिला ते पटेना. "मुकी जनावरं उपाशी कशी ठिवायची?" ती दांडी धरायची, राक्षसांना खायला घालायची. तोंडानं मेंढरांना घालतात तशी साद, "हुर्र, ह्यो, ह्यो." शिंगं होती, घोळक्यानं हिंडत होते, तिच्या लेखी ते एडकेच. आणि डाव गेला नाही. कळप राखणाऱ्याला माझ्या खेळात नवं असं काही शिकावं लागत नव्हतं.

एकच तिला सोसेना. कोठडी.

"हे कुनाचे लेकरं कोंडलेत?"

"ते दुश्मन हायेत, मावशी. शिपाई."

"सोड त्यांना."

"सोडलं तर परत येतेत अंगावर."

"येऊ दे," ती म्हणाली. "परत येतेत एवढं तरी कळंल त्यांच्या मायला."

आणि तिनं कोठडीचं दार उघडलं. दर बाजाराला उघडायची. ते शिपाई परत यायचे, ती परत पकडायची, परत सोडायची. इतक्या लोकांनी मला खेळवलं, मित्रांनो. कोठडी उघडणारी ती एकटी.

निघताना ती कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, काढायची, माझ्या माथ्यावर लावायची आणि तळवा टेकवून उभी राहायची. चालू असले की मी कोमट असते. ती म्हणायची, "जित्ता हाय." मग माझ्याशी बोलायची, हळू, बन्सीधरला ऐकू जाऊ नये म्हणून. "बिऱ्या, मीच म्हनले रे तुला, पेटीत ऱ्हा. तोंडातून गेलं. नऊ मेंढरांचं काय घिऊन बसलास, अजून कळप हाय. माझा शब्द मी माघारी घेतला. ये आता." हे ऐकणारी मी एकटीच. तोच तो निरोप. तो असा माझ्या माथ्यावर तळव्यानं लिहिला गेला आणि तिथंच राहिला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा सोळा वर्षांचा प्रश्न मिटल्याची बातमी आली. कुठं गुलाल उधळला गेला, कुठं दुकानांच्या फळ्या लागल्या, एसट्या बंद झाल्या. दोनच दिवस आधी बन्सीधर सामान आणायला परभणीला गेला होता, तो तिकडंच अडकला. जाताना किल्ली केवळाबाईला दिली होती. "काई करायचं न्हाई मावशी. हा लाल दिवा लागलेला असू द्या, बस. जिम्मा तुमचा."

जिम्मा म्हटल्यावर केवळाबाई कळप जावेच्या हवाली करून दुकानातच येऊन बसली. भाकरी बांधून आणलेली, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दिवस मावळतीला थंडी सुटली, अशी की माझ्या काचेवर पाणी धरलं. तिनं माझ्या माथ्यावर तळवा ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. लाकूड वरून गार पडलं होतं. आतून मी ठणठणीत होते, पण तिला ते कसं कळावं?

"गार पडायलंय लेकरू," ती पुटपुटली.

मेंढपाळाच्या घरी थंडीत कोकरू जन्मलं आणि गार पडायला लागलं तर काय करतात ठाऊक आहे? लोकरीत गुंडाळतात, वर घोंगडी घालतात, उशाशी घेऊन निजतात. शंभर कोकरं तिनं अशी जगवली होती. तिनं माझ्या पाठीला हात फिरवला आणि तिला ती चाळीस भोकं लागली.

"हितनं वारं शिरायलंय व्हय!"

तिनं पिशवीतून लोकरीचा पुंजका काढला. एकेक भोक ती बोटानं बुजवत गेली, कुणाच्या कानात कापूस घालावा इतक्या हळुवार. मला ओरडायचं होतं. मावशी, ते माझं नाक! बन्सीधरनं मला दम घ्यायला पाडलंय ते! पण माझ्यात आवाज होता तो फक्त शिपाई पडल्याचा, आणि डाव थांबलेला. चाळीसही भोकं बुजली. मग तिनं खांद्यावरची आपली एकुलती एक घोंगडी काढली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत लपेटलं. स्वतः लुगड्याचा पदर ओढून माझ्या तोंडाशी आडवी झाली. वाडग्याच्या तोंडाशी व्हायची तशीच.

मी तापत गेले. तिनं मधूनच घोंगडीखाली हात घालून बघितला आणि समाधानानं म्हणाली, "आलं, ऊब आली." इतक्या मायेनं मला कुणीच कधी गुंडाळलं नव्हतं, आणि मी गुदमरत होते. कार्डावरचे दाणे एकेक करून वितळायला लागले. आधी कुत्र्याची जागा गेली. मग कोकरांची. मग चूल. मी दाराचं तोंड आणि तिथलं सिंहासन तेवढं घट्ट धरून ठेवलं होतं. मग तेही मला आठवेना.

पुढचं कळलं ते बन्सीधरच्या आवाजानं, कारण कार्ड जळलं तरी लाकडाला ऐकू येतं, दिसतं आणि आठवतं. तो दोन दिवसांनी दूधवाल्या जीपला लटकून आला होता. केवळाबाई त्याला सांगत होती, "बघ, लय जपलं. अंगावरची घोंगडी घातली. पर लाल दिवा काई दिसना." बन्सीधरनं घोंगडी उचलली. जळका वास आला. त्यानं माझ्या पाठीला हात लावला, भोकांतली लोकर त्याच्या बोटांना लागली आणि तो तिथंच बसला.

मला वाटलं आता हा बोलेल. काय केलंस हे म्हातारे, असं म्हणेल. चिडका माणूस होता तो. पण तो पाठमोरा बसून एकेक भोकातली लोकर काढून खिशात घालत राहिला, तिला दिसणार नाही अशी.

"डीपीतून करंट जास्त आला, मावशी," तो शेवटी म्हणाला. "तुमी हुता म्हनून एवढी तरी टिकली."

"आन् बिरू?"

"खेळ पुसला गेला. आता काई न्हाई त्यात."

तिनं माझ्या विझलेल्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "म्हंजी पेटीत न्हाई तो आता?"

"न्हाई."

"मग भायेर असंल," केवळाबाई म्हणाली. तिनं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "पेटीत न्हाई म्हंजी भायेर निघाला. मी बसले हितं, आन् ते कुठं हिंडतंय कुनाला ठावं. हुडकायला पायजे." तिनं माझ्या माथ्यावर शेवटचा भंडारा लावला. मी कोमट नव्हते. तिनं हात लगेच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी माळावरचं वाडगं मोडलं आणि कळप घेऊन ती नदीकाठानं गोदावरीकडं निघाली. गावोगाव विचारत जाते म्हणतात, "भुवईला खूण असलेलं माझं लेकरू बघितलं का?"

तसलं कार्ड पुन्हा मिळालं नाही. बन्सीधरचं मन उडालं आणि तो दुकान बायनाबाईला देऊन परभणीला गेला. बायनाबाई पूर्ण्याकडची, इकडची माणसं तिला नवखी. तिनं चहाचं हॉटेल टाकलं आणि माझं टेबल केलं. तिची तक्रार एकच, की माझ्या माथ्यावरचा पिवळा डाग घासून घासून निघत नाही.

वैशाखात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खालीच उतरला नाही, क्लीनर चहाची किटली भरून घ्यायला आत आला. खाकी शर्ट, खांद्यावर फडकं, डाव्या भुवईत खूण.

मी त्याला पावलांवरून ओळखलं होतं, मित्रांनो. तो आधी माझ्याकडं बघेना. मग आला, आणि दांडीवरच्या लाकडी रिळावर बोट फिरवलं.

"ही चालती का?" त्यानं विचारलं.

"छ्या! मेलेली हाय," बायनाबाई म्हणाली. "च्या साखरंचा का बिनसाखरंचा?"

"माळावर वाडगं हुतं एक. मेंढराचं. आत्ता येताना बघितलं, न्हाई दिसलं."

"मला काय ठावं बाबा, मी नवी हाय. गेले असतील उठून."

"व्हय. गेले असतील." तो तसाच उभा राहिला. मग त्याला माथ्यावरचा डाग दिसला. त्यानं बोटानं खरवडला, बोट नाकाशी नेलं. "भंडारा हाय ह्यो. कुनी लावला?"

माझ्यात चाळीस भोकं आहेत, मित्रांनो, आणि एकातूनही शब्द निघेना. तुझ्या मायनं रे! दर बाजाराला! कोठडी उघडून बसायची ती!

"आधीच्यानं दसऱ्याला पुजली असंल," बायनाबाई म्हणाली. "निघना म्हनून मी तर बेजार झाले."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बिरूनं बोटाला लागलेली पिवळी कणी कपाळाला लावली, देवाची म्हणून, आईची म्हणून नव्हे. किटली उचलली आणि गेला. ट्रक वालूरच्या बाजूला गेला असं मला वाटतं. धूळ खाली बसेपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

आता रीत अशी आहे की पेटीनं शेवटी तुम्हाला उपदेश करावा. वस्तूंची निगा राखा, मला झाकू नका, माझी भोकं मोकळी ठेवा. पण माझी निगा आता राखून काय उपयोग? डोक्यावर कपबशा आहेत, त्या राहू द्या. तुम्ही माझं एकच काम करा. तुम्ही हिंडता, फिरता, तुम्हाला तोंड आहे. एखाद्या ढाब्यावर, एखाद्या फाट्यावर डाव्या भुवईत खूण असलेला क्लीनर दिसला, तर त्याला आधी चहा पिऊ द्या, घाई करू नका, तो फार बोलत नाही. मग त्याला सांगा की वाडगं मोडलं ते त्याच्यावर रुसून नव्हे, त्याला हुडकायला मोडलं. सांगा, कळप गोदावरीच्या काठानं गेला आहे, हळू चालतो, गाठता येईल. आणि सांगा, भंडारा मायनं लावलाय. शब्द तिनं केव्हाच माघारी घेतलाय.